वजन उतरलं, मग जिना का जड जातोय?

प्रश्न : माझं वय ६४. चार वर्षांपासून उजवा गुडघा दुखतो, अलीकडे डावाही कुरकुर करू लागला आहे. एक्स-रे काढला तेव्हा ‘झीज आहे, वयाप्रमाणे चालायचंच, वजन कमी करा’ असं सांगितलं गेलं. मी ते फारच मनावर घेतलं. रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलं आणि आठ महिन्यांत ७६ किलोंवरून ६९ वर आले. भेटेल तो म्हणतो, छान बारीक झालात. पण गुडघ्याला म्हणावा तसा आराम नाही. उलट आता खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो, जिना उतरताना गुडघा एकदम सुटल्यासारखा होतो. उजवी मांडी डावीपेक्षा बारीकही दिसते. लेक म्हणते, ताकदीचे व्यायाम सुरू कर. यजमान म्हणतात, झिजलेल्या सांध्यावर आणखी भार घालणं हे काही शहाणपणाचं नाही, आराम कर. कोणाचं ऐकू? आणि गुडघ्याला पट्टा बांधून वावरलं तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. लेकीचं ऐका. यजमानांवर मात्र रागावू नका. झिजलं आहे तर कमी वापरा, हा त्यांचा हिशेब वरवर पाहता बिनतोड आहे. फक्त त्यातून एक गोष्ट निसटली आहे. सांधा वापरणं कमी झालं की त्याला धरून ठेवणारे स्नायू आधी जातात, आणि ते गेले की त्याच सांध्याचे हाल वाढतात.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता दिली आहे. उजवी मांडी बारीक दिसते. माझ्यासमोर बसून सांगितलं असतंत तर एक्स-रे बाजूला ठेवून मी आधी टेप काढली असती. ‘गुडघेदुखी’ म्हटलं की सगळ्यांची नजर दोन हाडांमधल्या फटीवर जाते. ती फट किती राहिली, गादी किती उरली, झिजेची ‘ग्रेड’ कोणती. गुडघ्याच्या वर वीतभर जे चाललेलं असतं, तिकडे कोणी बघत नाही.

वय वाढतं तसे स्नायू कमी होतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर उतरते. ठेच लागल्यावर तोल सावरायला जी झटकन लागते, ती ताकद तर सगळ्यांच्या आधी, कारण स्नायूतले वेगाने आकुंचन पावणारे तंतू वयाबरोबर जास्त बारीक होत जातात. हे एका मर्यादेपलीकडे गेलं की डॉक्टर त्याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेच्या रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो थेट २०१६ मध्ये. इतकी वर्षं तो ‘म्हातारपण’ या एका शब्दात खपून जात होता, आणि अजूनही बहुतेकांच्या केसपेपरवर तो लिहिलेला दिसत नाही.

आता तुमचे ते सात किलो. त्याबद्दल अभिनंदन करायला हवं, आणि अर्धं करतेही. गुडघ्याच्या झिजेचा त्रास असलेल्या माणसांत मोजून पाहिलंय, की अंगावरचा एक किलो गेला की चालताना दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं ते चूक नव्हतं, फक्त अर्धवट होतं. नुसतं जेवण तोडून वजन उतरवलं की जातं ते सगळं काही चरबीचं नसतं. त्यातला साधारण पाव हिस्सा स्नायू वगैरेंचा असू शकतो. तुमच्या सातांपैकी दीड-पावणेदोन किलो असे गेले असतील, असा माझा अंदाज. तरुणपणी गेलेला स्नायू हिंडण्याफिरण्यात बराचसा भरून येतो. चौसष्टाव्या वर्षी तो आपणहून परत येत नाही, त्याला बोलावून आणावं लागतं. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. तो आकडा कमी दाखवतो आणि आपण खूश.

म्हणून भार हलका झाला तरी तो पेलणाराही हलका झाला. जिना उतरताना गुडघा सुटल्यासारखा होतो, त्याचा उलगडा इथे आहे. एक पायरी उतरताना काय घडतं ते बघा. डावं पाऊल खालच्या पायरीकडे निघालं की सगळं शरीर उजव्या पायावर येतं. उजवा गुडघा वाकू लागतो. त्या वेळी मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा मोठा स्नायू लांब होत जातो, पण लांब होता होताच पकड धरून ठेवतो आणि शरीराला हळूहळू खाली सोडतो. डावं पाऊल टेकेपर्यंत त्याने धीर धरायला हवा. तो मध्येच थकला तर उरलेलं अंतर शरीर आदळत जातं, आणि तो दणका हाडांनी आणि त्यांच्यावरच्या गादीने, म्हणजे कूर्चेने, सोसायचा. चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं अशी तक्रार माझ्याकडे येणारे बहुतेक जण करतात आणि वर ‘उतरायला कुठे ताकद लागते?’ असंही विचारतात. लागते, आणि चांगलीच लागते.

मग आधी काय झालं? स्नायू गेला म्हणून सांधा बिघडला, की सांधा दुखला म्हणून स्नायू गेला? खरं सांगायचं तर दोन्ही. दुखऱ्या पायावर माणूस नकळत कमी भार टाकतो, जिना टाळतो, बसून राहतो, त्यातून स्नायू उतरतो, हे कोणालाही समजेल. पण याहून एक विचित्र गोष्ट आहे. सांध्यात सूज आली, पाणी साठलं, की तिथून मज्जारज्जूकडे असे संदेश जातात की मांडीच्या स्नायूला मिळणारा हुकूमच अर्धवट पोहोचतो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात नुसतं क्षारजल (सलाईन) भरून हे तपासलं गेलं आहे. दुखत नसतानासुद्धा स्नायू नीट आवळता येईना. त्यामुळे ‘मी जोर लावते, पण जोर लागतच नाही’ असं कोणी म्हणालं तर ते आळसाचं निमित्त समजू नये.

हे घरी बघता येतं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली दाबा. गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला, एक फुगवटा घट्ट होताना दिसला पाहिजे. आधी डाव्या पायाचा बघा, मग उजव्याचा. उजव्याचा उशिरा, थरथरत आणि अर्धवट उठत असेल, तर त्या स्नायूला पहिल्यांदा जागं करावं लागेल. हाच प्रकार पाच सेकंद दाबून, सोडून, दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा वेळा करायचा. अगदी दुखऱ्या दिवशीही जमतो.

दुसऱ्या बाजूचाही, म्हणजे स्नायू आधी जातो याचाही, पुरावा आहे. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक्स-रेत झीज दिसते पण गुडघा कधी दुखलेला नाही, अशा वयस्क लोकांच्याही मांड्या अशक्त निघाल्या. दुखण्यामुळे हालचाल कमी झाली म्हणून स्नायू गेला, एवढ्यावर हे भागत नाही. पुढे २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मांडीची ताकद आधीपासून कमी असलेल्यांना नंतर गुडघ्याची झीज होण्याची शक्यता जास्त आढळली. इथे ‘ताकद’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. नुसता स्नायूचा आकार मोजला तर संबंध इतका सरळ दिसत नाही. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात, स्नायू कमी पण अंगावर चरबी नाही, अशा लोकांत गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढलेला आढळला नाही; लठ्ठ लोकांत आणि लठ्ठपणासोबत स्नायूही कमी असलेल्यांत मात्र आढळला. चरबी हे नुसतं ओझं नव्हे. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरून त्यांचं कामही बिघडवते. हातांवर चालत नसूनही लठ्ठ माणसांच्या बोटांच्या सांध्यांची झीज जास्त आढळते, त्यामागे हे एक कारण सांगतात.

आता यजमानांच्या भीतीकडे येऊ. व्यायामाने सांधा आणखी झिजेल का? हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिच्यात ना रक्तवाहिन्या ना नसा. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि तेही स्पंजासारखं : दाब पडला की जुनं बाहेर, दाब सुटला की नवं आत. दाबच पडला नाही तर तिची उपासमार. बेताचा, पुन्हापुन्हा पडणारा आणि सुटणारा भार तिला हवाच असतो. कूर्चेत नसा नाहीत म्हणजे दुखणं थेट तिचं नसतं, ते येतं सांध्याच्या अस्तरातून, हाडातून, आसपासच्या ऊतींमधून. त्यामुळेच एक्स-रेत भयंकर दिसणारे काही गुडघे मजेत डोंगर चढतात आणि बऱ्यापैकी दिसणारे काही रात्रभर ठणकतात. ‘ग्रेड’ ऐकून हातपाय गाळणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आरामाचा हिशेबही एकदा मांडून बघू. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठीपुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. केवळ दहा दिवस, कोणताही आजार नसताना. दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आता ‘गुडघा बरा होईपर्यंत जरा पडून राहा’ म्हणजे काय, ते यजमानांना हे वाचून दाखवा. आणि उलट बाजू : १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम करून घेतले, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे होती त्याच्या पावणेतीन पट. तुम्ही तर अजून चौसष्टच्या आहात.

लेकीलाही थोडं सांगायला हवं. तिच्या उत्साहात जड वजनांचं वेड नसावं. २०२१ साली ३७७ जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. गुडघ्याची झीज असलेल्यांपैकी काहींनी भारी वजनांचे, काहींनी हलक्या वजनांचे व्यायाम केले, काहींना फक्त आरोग्यविषयक वर्गांना बसवलं. दीड वर्षाने तिन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. भारी वजनांमुळे गुडघ्यावरचा दाब वाढला, असंही दिसलं नाही. यावरून व्यायाम फुकट, असा अर्थ काही जण काढतात. मला तो पटत नाही, कारण इतर कितीतरी चाचण्यांत व्यायामाने दुखणं मध्यम प्रमाणात का होईना कमी झालं आहे. मी त्यातून एवढंच घेते की भारी वजनांच्या मागे लागून गुडघ्याच्या बाबतीत वेगळं काही हाती लागत नाही, आणि व्यायाम केला की दुखणं पार पळून जाईल असं वचन कोणी देऊ नये. मी तुम्हाला हात न टेकता उठण्याचं, जिना धरधरून उतरावा न लागण्याचं आणि पडण्याचा धोका कमी होण्याचं आश्वासन देईन. दुखणं बहुतेकदा थोडंफार कमी होतं. कधी नुसतं सुसह्य होतं.

सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची हलणार नाही अशी भिंतीला टेकवून ठेवा, हवी तर बसायच्या जागी एक जाड उशी टाका म्हणजे उंची वाढेल. पुढे सरकून कडेला बसा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेकांची चूक इथे होते : पावलं पुढे ठेवून पाठ ताठ करून उठायला जातात आणि मग हातांशिवाय उठता येत नाही. नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, टाचांवर दाब द्या आणि उठा. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. खरा व्यायाम मात्र बसताना आहे. तीन अंक मोजत खाली या, धपकन बसू नका. जिना उतरताना लागणारी पकड हीच. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा, असे दोन-तीन फेरे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. जमू लागलं की उशी काढा, मग हातात काहीतरी वजन घ्या. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेलेच पाहिजेत. महिनोन्‌महिने तेच सोपं करत राहिलात तर घाम येईल, पण ताकद वाढणार नाही.

याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, उभ्याने पाय सरळ ठेवून बाजूला नेणं (कमरेच्या बाजूचे स्नायू चालताना गुडघा सरळ रेषेत ठेवतात, म्हणून हे टाळू नका), आणि जमेल तेव्हा एका बुटक्या पायरीवर चढ-उतार. चालणं सोडू नका, पण ‘मी रोज चालते की’ म्हणून ताकदीच्या व्यायामाला सुट्टी नाही. चालण्याने दमसास वाढतो, मांडीचा गेलेला स्नायू त्याने फारसा परत येत नाही.

दुखलं तर? दुखणारच थोडं. शून्य ते दहाच्या मापात पाचपर्यंतचं दुखणं चालवून घ्यायचं, मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते पहिल्या पातळीवर यायला हवं. आलं नाही किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद करू नका, पुढच्या वेळी फेरे कमी करा किंवा गुडघा कमी वाकवा. गुडघ्यातून नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तर तिकडे दुर्लक्ष करा. पहिले दोन-तीन आठवडे एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलेत तर उत्तम. दोन-तीन महिने तरी द्या.

रात्रीचं जेवण परत सुरू करा, हे अगदी निक्षून सांगते. व्यायाम करायचा आणि स्नायूला प्रथिनं द्यायची नाहीत, हे जमणार नाही. वयस्कांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. तुमच्या ६९ किलोंना ते होतात ६९ ते ८३ ग्रॅम, आणि ते एका जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटून घेतलेले बरे. डाळी, दूध, अंडी, मासे, जे तुम्ही खात असाल ते. किडनीचा विकार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. वजन आणखी उतरवायचं असेल तर आता तीन महिने काट्याकडे बघू नका. नंतर, व्यायाम अंगवळणी पडल्यावर, हळूहळू.

तुम्हाला सार्कोपेनिया आहे का, हे पत्रावरून सांगता येणार नाही. एकाच पायाची मांडी बारीक होणं हे बहुधा त्या गुडघ्याचं काम, सगळ्या शरीराचं नव्हे. घरी एक चाचणी करून बघा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा करायला किती वेळ लागतो? आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शंका घ्यावी म्हणतात, युरोपातल्या निकषांत १५ च्या वर. यात एक गोम आहे. गुडघा दुखतो म्हणूनही वेळ वाढतो. त्यासाठी हाताच्या पकडीची ताकद मोजून घ्या, साधं उपकरण असतं, मिनिटभराचं काम. पकडही कमी असेल (त्याच २०१९ च्या आशियाई निकषांत बायकांसाठी मर्यादा १८ किलो) तर प्रश्न गुडघ्यापुरता नाही, आणि मग पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील.

पट्टा बांधायला हरकत नाही. बाहेर जाताना, जास्त चालायचं असेल तेव्हा बांधा, आधार वाटतो आणि चारचौघांत धीरही येतो. घरात दिवसभर नको. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच : २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांमध्ये त्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ते पैसे फिजिओथेरपिस्टला द्या. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि उद्या कधी सांधा बदलण्याची वेळ आलीच, तरी आत्ता कमावलेली मांडी वाया जात नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्सची निम्म्याहून जास्त ताकद उतरते, आणि ज्याची आधीची शिल्लक बरी, तो लवकर चालता होतो.